एका वर्गाची तीस वर्षं

नवी मुंबई हे ठरवून वसवलेलं शहर. १९७० साली सिडको स्थापन झाली, ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं, १९७३ मध्ये खाडीवरचा पूल झाला आणि १९९२ मध्ये मानखुर्दच्या पुढे लोकल वाशीला पोचली. आगरी-कोळ्यांची जुनी गावं सोडली, तर इथे राहणाऱ्या बहुतेकांचं घराणं दुसरीकडचं आहे. भावकी गावाला राहिली, चाळीतला शेजार दादर-परळला राहिला. या शहरातल्या मध्यमवर्गाने माणसं जोडली ती सोसायटीत, लोकलच्या डब्यात, कंपनीत आणि कॉलेजात. व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्थाही शहराच्या बरोबरीने वाढल्या. खारघरची आयटीएम १९९१ मधली, नेरूळचं एसआयईएस कॉलेज ऑफ मॅनेजमेंट स्टडीज १९९५ मधलं. शिवाय बेलापूरला भारती विद्यापीठ, पनवेलला पिल्लई, नेरूळलाच डी. वाय. पाटील. तिथून सुरुवातीला बाहेर पडलेली मुलंमुली आता पन्नाशी ओलांडून गेली आहेत. त्यांच्या आधीचे कितीतरी जण चर्चगेटला जमनालाल बजाजमध्ये किंवा सिडनहॅममध्ये शिकले आणि परवडणारं घर शोधत खाडी ओलांडून इकडे आले. गेली काही वर्षं वाशीच्या हॉटेलांत आणि कर्जत-खोपोलीच्या फार्महाउसांवर जे पंचविसाव्या-तिसाव्या वर्षाचे मेळावे भरतात, ते या लोकांचे.

या मेळाव्यांकडे आपण जुन्या आठवणींचा कार्यक्रम म्हणून पाहतो. लेक्चरला मारलेल्या दांड्या, कॅन्टीनचा वडापाव, प्रोजेक्ट रिपोर्टसाठी जागवलेल्या रात्री, एखाद्या कडक प्राध्यापकाची नक्कल. ते सगळं असावंच. पण मला या भेटींचं मोल वेगळ्या ठिकाणी दिसतं. व्यवस्थापनाचा एक वर्ग म्हणजे जवळपास एकाच वयाची, एकच प्रवेश परीक्षा दिलेली, दोन वर्षं एकाच वर्गात बसलेली, त्याच कंपन्यांसमोर मुलाखतीला गेलेली साठ-सत्तर माणसं. त्यानंतर तीस वर्षं ती आपापल्या वाटेने गेली. सुरुवात इतकी सारखी असलेली आणि शेवट इतके वेगवेगळे झालेली माणसं एका छताखाली एरवी भेटत नाहीत. माणसाचं आयुष्य कशाने घडतं, त्यात कष्टाचा वाटा किती, घरचा किती, काळाचा किती, हे पडताळून पाहायचं असेल तर याहून चांगली संधी नाही. मात्र त्यासाठी हिशेब पूर्ण हवा. आज तो ज्या पद्धतीने मांडला जातो, तीत नेमकी महत्त्वाची बाजू गळते, आणि ही गळती थांबवणं जुन्या वर्गमित्रांच्या हातात आहे.

मेळावा ठरला की ग्रुपवर गुगल फॉर्म येतो. नाव, शहर, सध्याची कंपनी, पद, जोडीदार येणार का, व्हेज की नॉनव्हेज, टी-शर्टचा साइज. यातला चौथा रकाना नीट पाहावा. चोपन्न वर्षांच्या ज्या माणसाची नोकरी दीड वर्षापूर्वी गेली, त्याने तिथे काय लिहायचं? तो ‘कन्सल्टंट’ लिहितो, किंवा फॉर्म बंद करून ‘त्या तारखांना गावाला जायचंय’ असा निरोप टाकतो. सासूच्या आजारपणात नोकरी सोडलेली आणि मग परत न लागलेली वर्गमैत्रीण त्या रकान्यात आडवी रेघ मारते. ज्याचा भावाबरोबर उघडलेला धंदा बुडाला आणि जो अजून कर्ज फेडतो आहे, तो फॉर्म उघडतच नाही. प्रत्यक्ष दिवशी माइक हातोहात फिरतो आणि प्रत्येकाला दोन मिनिटं मिळतात: कुठून सुरुवात केली, आता कुठल्या कंपनीत काय, मुलगा जर्मनीत एमएस करतोय, मुलगी डेटा सायन्समध्ये. कुणी खोटं बोलत नाही. पण साठांपैकी तीस-बत्तीस आलेले असतात, आणि न आलेल्यांचं न येणं बरेचदा त्या चौथ्या रकान्यातून झालेलं असतं. मार्केट रिसर्चच्या पेपरात ज्यांना शिकवलं होतं की ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांच्याकडे दुर्लक्ष करून काढलेला निष्कर्ष चुकतो, तीच मंडळी आपल्या वर्गाबद्दलचा निष्कर्ष मात्र हजर असलेल्यांवरून काढतात: ‘आपली बॅच एकूण चांगली सेटल झाली.’

जगातल्या सर्वांत नावाजलेल्या बिझनेस स्कूलमध्येही असंच घडतं, आणि तिथल्या एका विद्यार्थ्याने ते लिहून ठेवलं आहे. क्लेटन ख्रिस्तेन्सेन हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या १९७९ च्या वर्गातला. पुढे तिथेच प्राध्यापक झाला. तिथे दर पाच वर्षांनी वर्गाचे मेळावे भरतात. २०१२ साली आलेल्या आपल्या पुस्तकाची सुरुवातच त्याने या मेळाव्यांपासून केली आहे. पाचव्या वर्षी सगळे तेजीत होते: नोकऱ्या उत्तम, लग्नं झालेली, चेहरे प्रसन्न. पुढच्या मेळाव्यांत मात्र एकेक जण दिसेनासा झाला. कुणाचा घटस्फोट, कुणाची मुलं दुरावलेली, कुणी पैसा भरपूर मिळवूनही कामाला विटलेला. त्याच वर्गात जेफ्री स्किलिंगही होता. एन्रॉन हे नाव महाराष्ट्राला दाभोळमुळे पाठ आहे. त्या कंपनीचा हा प्रमुख २००६ मध्ये घोटाळ्याबद्दल दोषी ठरला आणि त्याला चोवीस वर्षांची शिक्षा झाली, जी पुढे कमी झाली. ख्रिस्तेन्सेनने विद्यार्थीदशेतला स्किलिंग चांगला माणूस म्हणूनच पाहिला होता. त्याचा निष्कर्ष असा, की आयुष्य बिघडवायचं कुणीच ठरवत नाही; हातातला वेळ आणि ताकद रोज थोडी थोडी तिकडे वळते जिथे यश लगेच दिसतं, आणि घर मागे पडतं. हे निरीक्षण खरं आहे. तरी मला ते अपुरं वाटतं, कारण त्यात सगळा भार माणसाच्या स्वतःच्या निवडीवर पडतो. वर्ग एकत्र आला की दुसरीही एक गोष्ट दिसते, आणि आपल्याकडच्या नव्वदच्या दशकातल्या बॅचेस तिचा फार चांगला दाखला आहेत.

१९९३ च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेने नव्या खाजगी बँकांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि पुढच्या दोन वर्षांत एचडीएफसी बँक, आयसीआयसीआय बँक, यूटीआय बँक म्हणजे आजची अ‍ॅक्सिस, इंडसइंड, ग्लोबल ट्रस्ट, टाइम्स, सेंच्युरियन अशा बँका उभ्या राहिल्या. समजा, १९९५ मध्ये एमएमएस होऊन बाहेर पडलेल्या दोन मित्रांपैकी एक एचडीएफसी बँकेत लागला आणि दुसरा ग्लोबल ट्रस्ट बँकेत. त्या वेळी या दोन दारांतून निवड करायला हुशारीचा काही उपयोग नव्हता. ग्लोबल ट्रस्टचं नाव उलट जास्तच चमकत होतं. तिच्या शेअर विक्रीवर लोकांच्या उड्या पडल्या होत्या. २४ जुलै २००४ रोजी त्याच बँकेवर व्यवहारबंदी आली आणि महिन्याभरात ती ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्समध्ये विलीन झाली. टाइम्स बँक २००० मध्ये आणि सेंच्युरियन २००८ मध्ये एचडीएफसी बँकेतच विलीन झाल्या, म्हणजे तिथल्या लोकांचं पान पुन्हा तिसरीकडे उलटलं. दोन मित्रांच्या आजच्या परिस्थितीत जो फरक आहे, त्यातला मोठा भाग बावीस-तेविसाव्या वर्षी कुठल्या कंपनीचं पत्र आधी हातात पडलं यातून आलेला आहे. कॅम्पसवर कुठल्या साली उभं राहावं लागलं, यातूनही. २००१ किंवा २००९ मध्ये बाहेर पडलेल्या मुलांना बाजार आटलेला मिळाला. दोन वर्षं आधी किंवा नंतरच्यांना तसा नाही. पॉल ओयर या अर्थशास्त्रज्ञाने स्टॅनफर्डच्या एमबीए झालेल्यांच्या कारकिर्दींवरून २००८ साली हेच दाखवलं. शेअर बाजार तेजीत असताना पदवी घेतलेले वॉल स्ट्रीटवर जास्त गेले आणि तिथेच टिकले, मंदीत बाहेर पडलेल्यांना ती वाट नंतरही फारशी सापडली नाही, आणि दोघांच्या जन्मभराच्या कमाईत मोठी तफावत पडली. मुंबई विद्यापीठाने १९६५ साली जमनालाल बजाज संस्था सुरू केली ती याच स्टॅनफर्डच्या सहकार्याने, त्यामुळे हा दाखला आपल्याला फार परकाही नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावरचा बदल तर आपल्या डोळ्यांदेखतचा आहे. तिथल्या रासायनिक कारखान्यात मॅनेजमेंट ट्रेनी म्हणून लागलेल्याला निवृत्तीपर्यंतची सोय झाली असं वाटलं होतं. महापे, घणसोली, ऐरोलीला आयटी पार्क उभे राहिले तेव्हा तो चाळिशीला आला होता, आणि त्या इमारतींतल्या नोकऱ्या त्याच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान मुलांसाठी होत्या. त्याचं काही चुकलं होतं, असं म्हणायला जागा नाही. हे त्याला पटवून देण्याचा अधिकार फक्त त्याच्या वर्गमित्रांना आहे. सुरुवातीला तो त्यांच्याइतकाच तयारीचा होता, हे बाकी कुणाला ठाऊक नाही.

यावर कुणी म्हणेल, की नशिबावर भार टाकला की कष्ट करणाऱ्याचा अपमान होतो. मला तसं वाटत नाही. जो एचडीएफसी बँकेत वर चढला, त्याने कष्ट केलेच. तिथे लागलेले सगळेच काही वर पोचले नाहीत. पण कष्टाला फळ यायला ज्या जमिनीची गरज असते ती त्याला मिळाली आणि मित्राला मिळाली नाही, हे त्याने भर सभेत मान्य केलं तर त्याचं यश कमी होत नाही. समोर बसलेल्याची मान मात्र वर होते.

सर्वांत मोठी गळती मुलींच्या बाबतीत होते, आणि ती यादीपासूनच सुरू होते. कॉलेजच्या रजिस्टरमध्ये मुलीचं नाव माहेरचं. लग्नानंतर आडनाव बदललं, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं आलं, आणि आपल्याकडे काही घरांत पहिलं नावही बदललं. म्हणजे तीनपैकी तीनही नावं वेगळी. अशा बाईला लिंक्डइनवर शोधायचं कसं? मुलगे पहिल्या आठवड्यात सापडतात. मुलींसाठी कुणाची मावशी डोंबिवलीला, कुणाचा भाऊ बँकेत अशी साखळी लावावी लागते, आणि उत्साही अ‍ॅडमिन नसेल तर ती लागत नाही. मग मेळाव्यात ज्या येतात त्या बहुतेक नोकरीत टिकलेल्या, आणि त्यांना पाहून ‘आपल्या बॅचच्या मुलींनी नाव काढलं’ असं म्हणून विषय संपतो. आकडे वेगळं सांगतात. मारियान बर्ट्रांड, क्लॉडिया गोल्डिन आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी शिकागो विद्यापीठातून १९९० ते २००६ या काळात एमबीए झालेल्यांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध केला. पदवी घेताना मुलगे आणि मुली यांचा पगार जवळपास सारखा होता. दहा ते सोळा वर्षांनी पुरुषांची कमाई बायकांच्या दीडपटीच्याही पुढे गेली होती. कारणांत नोकरीत पडलेले खंड आणि कामाचे कमी झालेले तास ही मुख्य, आणि त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा मूल. गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच विषयावरच्या जन्मभराच्या कामासाठी. हार्वर्डने आपल्या पंचवीस हजारांहून अधिक माजी विद्यार्थ्यांना प्रश्न विचारले, त्याचे निष्कर्ष २०१४ साली आले. त्यात दिसलं, की मुलं सांभाळण्यासाठी पूर्ण वेळ घरी असलेल्या बायका जेमतेम अकरा टक्के होत्या. बायका मनानेच करिअर सोडतात हा समज त्याने मोडीत निघाला. उलट, बहुतेक मुलींनी बाहेर पडताना धरून चाललं होतं की नवऱ्याचं आणि आपलं काम सारख्या महत्त्वाचं राहील. निम्म्याहून जास्त मुलग्यांनी तेव्हाच धरलं होतं की आपलं पहिलं. पुढे झालं ते मुलग्यांच्या अंदाजासारखं. हे अमेरिकेचं आहे, आपल्याकडे सासू-सासरे, आया, घरकामाला बाई असते, असा मुद्दा निघेल. मदत मिळते हे खरं. पण पाळणाघराची वेळ संपली, सासऱ्यांना अ‍ॅडमिट केलं, मुलाची दहावी आली की सुट्टी कुणी घ्यायची, हे इथे विचारावंही लागत नाही. वर्गात पहिली आलेली मुलगी आज कुठे आहे, हा प्रश्न प्रत्येक बॅचने स्वतःला विचारून पाहावा. आणि त्याच बाकावर बसणाऱ्या मुलग्याने हेही सांगावं, की आपल्या बढत्यांच्या वर्षांत घरची सुट्टी कोण घेत होतं.

आता सर्वांत जुना आक्षेप. तीस वर्षं ज्यांनी साधा फोन केला नाही, ती माणसं आज का भेटतात? मुलाला इंटर्नशिप हवी असते, फ्लॅटला गिऱ्हाईक हवं असतं, पन्नाशीत गेलेली नोकरी परत हवी असते. खरे मित्र तर संपर्कात राहिलेच ना? या आक्षेपात थोडं तथ्य आहे आणि बरीचशी आढ्यता आहे. गरजेपोटी माणूस माणसाला शोधतो यात लाज वाटण्यासारखं काय आहे? गावाकडे भावकीचा उपयोग हाच होता. बारशाला, मर्तिकाला आणि कोर्टकचेरीला लागणारी माणसं ती. ज्या शहरात भावकी नाही, तिथे वर्गमित्राने ती जागा घेतली तर बिघडलं कुठे? २०११ साली डॅनिएल लेव्हिन, जॉर्ज वॉल्टर आणि कीथ मर्निघन या तिघांनी व्यवस्थापन शिकायला आलेल्या दोनशेहून अधिक अधिकाऱ्यांना सांगितलं, की किमान तीन वर्षं ज्यांच्याशी बोलणं झालेलं नाही अशा जुन्या ओळखीच्या माणसाला गाठा आणि हातातल्या कामाबद्दल सल्ला विचारा. तो सल्ला रोजच्या सहकाऱ्यांच्या सल्ल्याइतका, कित्येकदा त्याहून अधिक उपयोगी निघाला. कारण साधं आहे. रोजच्या माणसांना जे ठाऊक ते आपल्यालाही ठाऊक असतं. दूर गेलेला मधल्या काळात वेगळंच काही शिकलेला असतो, आणि एकदा बसलेला विश्वास मात्र वर्षांनी विरत नाही.

तरीही माणसं फोन करत नाहीत. लारा अक्निन आणि जिलियन सँडस्ट्रॉम यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, जुन्या मित्राशी बोलायची इच्छा होती, त्याला बरं वाटेल याची खात्री होती, नंबर हाताशी होता आणि मेसेज लिहायला वेळही काढून दिला होता, अशा लोकांपैकी एक तृतीयांशांनीही तो पाठवला नाही. अनोळखी माणसाशी बोलताना वाटावा तितकाच संकोच त्यांना जुन्या मित्राशी वाटत होता. आणि पेगी लिऊ यांच्या २०२२ च्या अभ्यासानुसार, अवचित आलेल्या विचारपुशीने समोरच्याला किती बरं वाटतं याचा अंदाज आपण नेहमी कमी बांधतो. ज्याने तीस वर्षं फोन केला नाही, तो निष्ठुर असेलच असं नाही. बहुतेक वेळा तो फक्त संकोचलेला असतो.

रोज शंभर मेसेज येणारा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असताना मेळाव्याची गरजच काय, असंही विचारलं जातं. ग्रुपचे उपकार मी नाकारत नाही. २०२०-२१ मध्ये, वाशीचं सिडको प्रदर्शन केंद्र कोविड रुग्णालय झालं होतं त्या दिवसांत, असल्याच ग्रुपांवर रात्री दोन वाजता बेड, ऑक्सिजन, रेमडेसिविर शोधले गेले, आणि कित्येक वर्षं एकमेकांशी न बोललेली माणसं एकमेकांसाठी धावली. पुष्कळ बॅचेसच्या याद्यांमध्ये त्या वर्षापासून काही नावांमागे ‘कै.’ लागलं. पण संकट सरलं की ग्रुप परत सुप्रभात, वाढदिवस आणि राजकारणाच्या भांडणांवर येतो. सत्तर जणांच्या नजरेसमोर कुणी लिहीत नाही की मुलगा दोन वर्षं खोलीतून बाहेर आलेला नाही, की घराचा हप्ता थकला आहे. ते बोलणं जेवणानंतर, दोघं-तिघं बाहेर पायऱ्यांवर बसल्यावर निघतं. म्हणून मेळाव्याची आखणी करणाऱ्यांनी गाण्यांचे, खेळांचे, सत्कारांचे कार्यक्रम कमी करून मोकळा वेळ वाढवावा. ऑर्केस्ट्राच्या आवाजात कुणाचं दुखणं ऐकू येत नाही.

सगळ्यांत गंभीर आक्षेप असा, की ज्याला यायचं नाही त्याला राहू द्यावं. आपली पडझड चारचौघांत मांडायची सक्ती करणं क्रूरपणाचं आहे. हे मला मान्य आहे. कुणालाही माइकसमोर उभं करून ‘तुझं काय झालं’ असं विचारू नये. पण सक्ती न करणं आणि विचारपूसच न करणं यांत फार अंतर आहे, आणि आपण बहुतेक वेळा दुसरं करून पहिल्याचं नाव देतो. आडवी रेघ मारणाऱ्या मैत्रिणीला फॉर्मनंतर एक फोन गेला, ‘अगं, तू ये, तुझ्याशिवाय कसलं आलंय’ एवढंच कुणी म्हटलं, तर ती येईल किंवा येणार नाही. पण आपल्याला मोजलं गेलं हे तिला कळेल. ज्यांचं बरं चाललं आहे, त्यांनी आधी आपली पडती बाजू सांगायला हवी. मॅनेजिंग डायरेक्टर झालेल्याने दोन मिनिटांतलं एक मिनिट आपल्या हुकलेल्या निर्णयाला, अडीच वर्षं घरी बसलेल्या काळाला, तुटता तुटता वाचलेल्या संसाराला दिलं, तर पुढच्या माणसाला खरं बोलायची मुभा मिळते. सुरुवात वरून झाली तरच हे घडतं. खालच्या माणसाने आधी बोलावं ही अपेक्षा अन्यायाची आहे.

उरतो एक आक्षेप, ज्याला मी अर्धं झुकतं माप देतो: अशा बॅचेस म्हणजे आपापसांत संधी वाटून घेणारं कोंडाळं. ओळखीच्यांनी ओळखीच्यांना घ्यायचं, आणि ज्याच्या बापाने कॉलेजचं तोंड पाहिलं नाही त्याने बाहेर रिझ्युमे घेऊन फिरायचं. नवी मुंबईत या आक्षेपाला विशेष धार आहे. ज्यांच्या जमिनीवर हे शहर उभं राहिलं, त्या प्रकल्पग्रस्तांपैकी पाच जणांनी १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात प्राण गमावले, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळण्याचा मार्ग खुला झाला. त्या घरांतली मुलं आज नेरूळ, बेलापूर, उलव्याहून याच संस्थांत शिकायला येतात. त्यांच्यातल्या कित्येकांच्या घरी मुलाखतीला काय विचारतात हे सांगणारं कुणी नसतं. तीस वर्षांचा पूर्ण हिशेब, म्हणजे कुठली बँक बुडाली, कुठला कारखाना गेला, कुठल्या मंदीत काय केलं, लग्नानंतर नोकरी कशी टिकवली आणि कशी टिकली नाही, हा माल सर्वांत जास्त उपयोगी आहे तो या मुलांना. प्लेसमेंटच्या वेळी संस्था त्यांना फक्त चमकलेल्या माजी विद्यार्थ्यांचे फोटो दाखवतात. चोविसाव्या वर्षी हातातलं पत्र म्हणजे जन्माची पाटी असं त्यांना वाटत असतं, आणि ते तसं नसतं हे पटवून द्यायला पन्नाशीतली माणसं लागतात, पडलेली आणि उठलेली दोन्ही.

तेव्हा ज्या बॅचेसची पंचविसावी, तिसावी वर्षं आता येताहेत, त्यांना एवढीच विनंती आहे. फॉर्ममधला कंपनी आणि पदाचा रकाना काढून टाका. न सापडलेल्या मैत्रिणी शोधायला दोघा-तिघांना महिनाभर आधी कामाला लावा. मेळाव्याचा एक दिवस फार्महाउसवर करा, पण दुसऱ्या दिवशी सकाळचे तीन तास कॉलेजात घालवा, दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींबरोबर, व्यासपीठ न मांडता, पाच-पाच जणांच्या घोळक्यात बसून. आणि संस्थेच्या संचालकांना आजच फोन करून विचारा, यंदा प्लेसमेंट कुठल्या महिन्यात सुरू होतंय. तारीख त्याच्या आधीची धरा.